एटीव्हीचे (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या चारचाकी बाइकचे) मागचे ब्रेक शू बदलूनही ब्रेक लागत नाही आणि डिफरन्शियलमधून घरघर येते. आधी काय दुरुस्त करावे, आणि हे काम घरी जमेल का?

या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून मला राहवले नाही, कारण याच दुखण्यामुळे आमच्या घरात एक अपघात झाला आणि त्याच्या कारणावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही या दोन वेगळ्या तक्रारी समजत आहात. मागच्या अ‍ॅक्सलवर ड्रम ब्रेक (फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबून थांबवणारा ब्रेक) असलेल्या गाडीत त्यांचे मूळ बहुधा एकच असते आणि ते शोधल्याशिवाय घातलेले नवे शू वाया जातात.

आपण सवयीने त्याला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, म्हणतो, पण अशा अनेक गाड्यांच्या मागच्या हाउसिंगमध्ये (गिअरच्या बंद पेटीत) फक्त क्राउन आणि पिनियन, म्हणजे एकमेकांत अडकून फिरणारे मोठे आणि छोटे गिअर, असतात. दोन्ही चाके एकाच अखंड अ‍ॅक्सलवर एकत्र फिरतात. म्हणूनच एक ड्रम दोन्ही चाके थांबवू शकतो. मात्र तो ड्रम गिअर ऑइलने भरलेल्या हाउसिंगला अगदी लागून बसलेला असतो आणि ते तेल व ब्रेक शू यांच्यामध्ये एका रबरी ऑइल सीलएवढीच आड असते. ती सील गेली की मागचा सगळा ब्रेक जातो आणि त्याच शूवर चालणारा पार्किंग ब्रेकही जातो.

आमची गाडी आम्ही दोघा भावांनी वापरलेली घेतली होती. पहिल्याच वर्षी मागचा ब्रेक कमजोर झाला, तेव्हा मिस्त्रींनी शू बदलले. चार महिन्यांनी पुन्हा तेच झाले, तेव्हा त्यांनी शू पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून परत बसवले. घरघर ऐकू येत होती, आणि हाउसिंग उघडून पाहावे असे मी दोनदा म्हटले. क्राउन-पिनियन एकदा उघडले की ते पूर्वीसारखे बसत नाहीत, असे दादांचे ठाम मत होते आणि मिस्त्रींनीही त्यालाच मान डोलावली. त्यानंतर एका चढावर, मागे पाण्याचे कॅन लादलेले असताना, इंजिन बंद पडले आणि गाडी मागे सरकू लागली. दादांनी पॅडल शेवटपर्यंत दाबले, पुढचा ब्रेकही आवळला. परंतु चढावर बहुतेक भार मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे हलकी झालेली पुढची चाके फिरायची थांबूनही मातीवरून घसरत राहिली. गाडी बांधाला आदळून उलटली आणि दादांचे मनगट मोडले.

दुसऱ्या आठवड्यात कोणालाही न विचारता मी ड्रम काढला. आत तळाशी काळपट तेल साचले होते आणि दोन्ही शूंचे लाइनिंग (ड्रमला घासणारे अस्तर) त्यात भिजलेले होते. हाउसिंगचा ड्रेन बोल्ट सोडला, तर दुधाळ, करड्या रंगाचे तेल बाहेर आले. अ‍ॅक्सलचे बेअरिंग गंजून खडबडीत झाले होते आणि ब्रीदरची, म्हणजे हाउसिंगमध्ये हवा ये-जा करू देणारी, नळी चिखलाने टोकापर्यंत भरली होती. कारणांची सगळी साखळी त्या एका दुपारी माझ्यासमोर उलगडली.

ब्रीदरला मी इतके महत्त्व का देतो, हे सांगायला हवे. चालून चालून हाउसिंग तापते आणि मग गाडी ओढ्याच्या गार पाण्यात उतरते. आतली हवा 70 अंशांवरून 20 अंशांवर आली आणि ब्रीदर बंद असला, तर आतला दाब सुमारे एक सप्तमांशाने घटतो. हा फरक जवळजवळ दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका असतो, आणि तेवढ्या ओढीने सीलच्या कडेवरून पाणी आत शिरते. पाण्याने बेअरिंग गंजते, गंजलेले बेअरिंग घरघरते आणि ढिले पडते, ढिला अ‍ॅक्सल सीलची कड एका बाजूने झिजवतो, आणि मग त्याच वाटेने तेल ड्रममध्ये उतरते. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुताना पाण्याची धार सीलवर आणि ब्रीदरच्या तोंडावर धरणारे लोकही हेच नुकसान ओढवून घेतात.

त्यामुळे सुरुवात तेलापासून करा. आधी भरण्याचा बोल्ट सुटतो याची खात्री करून घ्या आणि मगच ड्रेन बोल्टला हात लावा. तेल काढल्यावर वरचा बोल्ट जाम निघाला तर गाडी तशीच अडकून पडते. ड्रेन बोल्टला चुंबक असेल, तर त्यावरचा करडा, लोण्यासारखा मऊ लेप काळजीचा नसतो. बोटांना टोचणारे कण किंवा गिअरच्या दाताचा तुकडा दिसला, तर मात्र हाउसिंग उघडलेच पाहिजे. मागची चाके उचलून, गाडी स्टँडवर पक्की ठेवून, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) असेल, तर बेअरिंग किंवा हब (चाक जिथे बसते तो भाग) गेलेला आहे. वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर बहुधा बेअरिंगची असते, ठराविक अंतराने येणारा ठोका तुटलेल्या दाताचा असतो, आणि गाडी जागेवरून सुटताना एकदाच येणारा खटका अनेकदा शाफ्टच्या स्प्लाइनचा (दांड्यावरच्या खाचांचा) किंवा जॉइंटचा निघतो.

सील बदलताना मी केलेली चूक तुम्ही करू नका. सीलची कड जिथे फिरते तिथे धातूवर चर पडलेली होती. ती मी नखाने तपासली नाही, नवी सील तिथेच बसवली आणि महिन्याभरात तेल पुन्हा ड्रममध्ये आले. चर नखाला लागत असेल, तर तो भाग बदला किंवा त्यावर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवा. तेलाने भिजलेले शू फेकून द्या. लाइनिंग तेल आत शोषून घेते. पेट्रोलने वरचा थर धुतला जातो, पण ब्रेक तापला की आतले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. धुतलेला शू परत बसवणे हा माझ्या दृष्टीने निष्काळजीपणा आहे, मग तो कितीही अनुभवी हातांनी बसवलेला असो.

आता दादांचा मुद्दा. उघडलेले क्राउन-पिनियन पूर्वीसारखे बसतात, अट एवढीच की प्रत्येक शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) कोणत्या बाजूचा आहे याची खूण करून ठेवावी. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत. बेअरिंग, गिअर किंवा हाउसिंग बदलले असेल, तर बॅकलॅश (दोन गिअरच्या दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजावा आणि दात एकमेकांवर कुठे टेकतात हे कळण्यासाठी त्यांना निळा रंग लावून ठसा पाहावा. ठसा दाताच्या माथ्याकडे किंवा मुळाकडे गेला असेल, तर पिनियनचा शिम बदलावा लागतो. मोजमाप आणि टॉर्कचे आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. तेल, सील, बेअरिंग, शू आणि ब्रीदर एवढे काम पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढणारे अवजार) आणि टॉर्क रेंच (बोल्ट नेमका किती आवळला हे दाखवणारा पाना) असणाऱ्या माणसाला घरी जमते. मला दोन दिवस लागले. शिम आणि ठशाचे काम पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी बसवून करावे.

त्या दिवशी गाडीवर वजन जास्त होते, हे मी नाकारत नाही. पण कोरड्या शूवर तेवढेच वजन घेऊन त्याच चढावर मी नंतर गाडी उभी करून पाहिली आहे आणि ती हलली नाही. दादा आजही वजनालाच दोष देतात, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. कावासाकी आणि सुझुकी यांच्या काही मॉडेलांत मागचा ब्रेक तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा असतो. तिथे तेल हा ब्रेकचाच भाग आहे आणि त्या ब्रेकसाठी सांगितलेलेच तेल घालावे लागते, त्यामुळे वरची शूची चर्चा तुमच्या गाडीला लागू आहे का ते आधी पाहा. आणि ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

काम झाल्यावर महिन्याभराने ड्रम एकदा पुन्हा उघडून पाहा. मी तो उघडला तेव्हा दादांना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी बरे झालेल्या हाताचे बोट आतून फिरवले, आणि ते कोरडे निघाले.