थाई हॉटेलात पहिल्यांदा जाताय?

बिनधास्त जा, हलकं खायला तिथे भरपूर मिळतं. सुरुवात टॉम यम सूपने करा, मात्र पातळच मागवा. दाटसर प्रकारात दूध पडतं. मग लिंबाच्या रसातला वाफवलेला मासा किंवा सोम ताम. ही कच्च्या पपईची कोशिंबीर. कुटतानाच त्यात ताडगूळ पडतो, तो कमी घालायला आधीच सांगा.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- ग्रीन करी. हिरवी दिसते म्हणून पालेभाजी समजू नका. रंग मिरचीचा, बाकी नारळाचं दूध. फोडी खा, रस्सा भातावर ओतू नका.
- थाई आइस टी. कंडेन्स्ड मिल्क आणि साखर, म्हणजे मिठाईच!
- वरून फिश सॉस. जेवणात आधीच भरपूर मीठ असतं.

शाकाहारी असाल तर फिश सॉस, कोळंबीची पेस्ट नको हे स्पष्ट सांगा. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही.