देव रोज तिथंच नसतो

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर आजीनं यात्रेच्या तारखा पुन्हा पुढं ढकलल्या आणि तू तोंड वाकडं करून मला विचारलंस, "बाबा, देव तर रोज तिथंच असतो ना? मग कधीही गेलं तर काय बिघडतं? आणि समुद्र सगळ्यात शेवटी का?" आजी ऐकत होती म्हणून मी "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. तिच्यासमोर हे समजावायला बसलो असतो तर तिनं प्रत्येक वाक्याला मला टोकलं असतं. म्हणून हे पत्र. शनिवारच्या मराठी शाळेमुळं आता तुला एवढं वाचता येईल.

तर देव रोज तिथंच नसतो. निदान आपल्याकडचा तरी नाही.

तुळजापूरचंच घे. आपली कुलदेवता तुळजाभवानी, बालाघाटच्या डोंगरात. बहुतेक देवळांत मुख्य मूर्ती एकदा बसवली की बसवली, जागची हलत नाही. तुळजापूरची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून शेजघरात पलंगावर निजवतात. एकदा नवरात्राच्या आधी, कारण पुढं महिषासुराशी लढायचं असतं. एकदा दसऱ्यानंतर, कारण लढून ती दमलेली असते. त्या झोपेचं नावच श्रमनिद्रा. आणि तिसऱ्यांदा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी. त्या दिवसांत नेहमीचे अभिषेक होत नाहीत. देवी उठली की घट बसतात आणि मग नवरात्र सुरू.

आता आपली नाताळची सुट्टी नेमकी कधी? पौष लागतो तेव्हा. मी आपला विमानाचं स्वस्त तिकीट बघून तारीख सांगितली, तर आजी म्हणाली, "देवी निजलेली असताना जाऊन काय करायलास रे? तिला उठवतूस का?" यावर मी काय बोलणार!

"मग आधी कोकणात जाऊ, तुळजापूर येताना करू," असं तू म्हणालीस. नकाशा बघितला तर तुझं बरोबर आहे. पण कुलदैवत सोडून पुढं जायचं नाही, ही आपल्या घराची रीत. लातूरला उतरल्यावर आजीला न भेटताच आपण आत्याकडं जेवायला गेलो तर आजी काही बोलणार नाही, पण तिचा चेहरा तू बघशील ना? तसंच हे. शिवाय लग्न झालं, मूल झालं, घर बांधलं की घरातले आधी तिथं जाऊन येतात. तू झालीस तेव्हा आपण इथं डब्लिनला होतो, त्यामुळं तुझं राहिलंय. आजीच्या मनात ते आहे, बोलून दाखवत नाही.

म्हणून असं ठरलंय. पहिला आठवडा लातूरला घरीच राहायचं. यंदा येळवस तुझी शाळा सुटायच्या आधीच येऊन जाते, म्हणजे शेतातली पंगत आणि कडब्याची खोप तुला बघायला मिळणार नाही, याचं मला तुझ्याहून जास्त वाईट वाटतंय. (मार्गशीर्ष अमावास्येला आपल्याकडं सगळं गाव शेतात जेवायला जातं. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही.) आजी म्हणाली, अमावास्या गेली तर गेली, भज्जी आणि आंबील लेकराला करून घालीन. मग पौष शुद्ध अष्टमीला, देवी उठली की निघायचं.

तुळजापूरचं देऊळ खाली आहे. बऱ्याच देवींना डोंगर चढून जावं लागतं, इथं पायऱ्या उतरून जायचं. आजीला जाताना सोपं आणि येताना अवघड, तेव्हा येताना तिचा हात धरायचं काम तुझं. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग निंबाळकर दरवाजा, मग आत. ओटीचं ताट तू धर: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. "आई राजा उदो उदो" असा पुकारा सारखा चालू असतो, तूही कर, कुणी बघत नाही. देवळाच्या मागच्या बाजूला चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्याच्यावर नाणं ठेवून दोन्ही हात टेकवायचे आणि मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. हातामुळं फिरतो की कसा, हे तू बघून ठरव. पण रांग मोठी असते, एकच प्रश्न तयार ठेव.

आणि तिथल्या आराध्यांच्या, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांच्या, गळ्यातल्या माळा नीट बघ. कवड्यांच्या असतात. आजीच्या देव्हाऱ्यात तशीच एक माळ आहे, मंगळवारी ती बाहेर काढून पुसते. कवडी हातात घेऊन उलटी केली तर पोटाशी एक फट असते आणि फटीच्या दोन्ही कडांना बारीक दात. वरची पाठ इतकी गुळगुळीत की बोट घसरतं. आतला जीव मेल्यावर उरलेलं ते घर, समुद्रातलं. तुळजापूरपासून समुद्र कुठल्या कुठं, आणि देवीचा दागिना मात्र समुद्राचा! पूर्वी कवड्या पैशासारख्या चालायच्या, व्यापाऱ्यांबरोबर त्या कुठवर पोचल्या हे यावरून बघ. आजीनं जन्मात समुद्र बघितलेला नाही. माळ मात्र ती नवी नवरी होती तेव्हापासून तिच्याकडं आहे.

त्याच दिवशी नळदुर्ग. तिथला खंडोबा तर सरळ दोन गावांत राहतो. वर्षातला बराचसा काळ अणदूरला आणि उरलेला जवळच नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मूर्ती एकच, देवळं दोन, आणि देव नेण्या-आणण्याचा दोन्ही गावांत चक्क लेखी करार होतो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते, म्हणजे आपण जाऊ तेव्हा तो तिकडं असेल. तुझ्या काकानं यादीत "अणदूर" लिहिलं होतं, आजीनं ते खोडून "मैलारपूर" केलं. गूगलनं हे सांगितलं नसतं.

मग पंढरपूर. विठोबा तरी विटेवर उभा, तो कुठं जाणार, असं तुला वाटेल. तर मार्गशीर्षात तो गोपाळपूरजवळच्या विष्णुपदावर राहायला जातो असं मानतात. लोक नदीकाठी तिथं डबे घेऊन जेवायला जातात. अमावास्येला तो परत येतो. आषाढी-कार्तिकीला त्याचा पलंगच काढून ठेवतात, कारण रात्रंदिवस दर्शन चालू असतं, झोपणार कधी? यात्रा संपली की प्रक्षाळपूजा करून त्याचा शीण घालवतात आणि मगच पलंग परत येतो. आपल्याला फक्त एकादशी चुकवायची आहे. नवमीला दर्शन घेऊन पुढं निघायचं. पायावर डोकं ठेवायची रांग लांब असली तर मुखदर्शन घेऊ, आजीचे गुडघे बघता मला तेच बरं वाटतं. ती ऐकणार नाही, ते वेगळं.

कोल्हापूरबद्दल फार लिहीत नाही, अंबाबाईचं देऊळ बघितल्यावर तुलाच कळेल. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात, ते मात्र आपल्याला मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी जोतिबाचा डोंगर. तिथं रविवारी जायचं नाही, रविवार त्याचा वार, गाडी लावायला जागा मिळत नाही. "चांगभलं" म्हणत लोक गुलाल उधळतात, देवळाचे दगडसुद्धा गुलाबी झालेत. नळदुर्गला भंडारा, इथं गुलाल. तुझे ते पांढरे बूट आणायचे नाहीत, आत्ताच सांगून ठेवतो.

काकाच्या मूळ यादीत नरसोबाची वाडी होती, पावस होतं, आणखी बरंच काही होतं. मी भांडून कमी केलं. हल्ली टूरवाले आठवडाभरात वीस-पंचवीस देवळं दाखवतात. माणसं गाडीतून उतरतात, चप्पल काढतात, चप्पल घालतात, गाडीत बसतात. घरी आल्यावर कुठला देव कुठं बघितला ते फोनमधले फोटो बघून आठवायचं. त्यापेक्षा चार ठिकाणी टेकून बसावं. गाडी क्रूझर सांगितली आहे, आत्या आणि चुलत आजीही आहेत, त्यामुळं खिडकी तुला कायम मिळणार नाही. पहिल्या दोन दिवसांचं खाणं घरचंच: धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी.

कोल्हापूरहून आंबा घाटानं खाली उतरलं की कोकण. घाटाच्या पायथ्याला साखरपा, तिथून आत मार्लेश्वर. डोंगरातल्या गुहेत महादेव आहे, पाचशेच्या वर पायऱ्या, समोर धबधबा. गुहेत विजेचा दिवा लावत नाहीत, समया असतात, आणि कपारींत साप असतात असं सगळे सांगतात. आजी खालीच बसेल. एरवी ती "कळसाला हात जोडले तरी पोचतं" म्हणते, पण गुहेला कळस कुठला, हा पेच तिनं अजून सोडवलेला नाही. दर मकरसंक्रांतीला या मार्लेश्वराचं गिरिजादेवीशी लग्न लागतं, वऱ्हाड, मानकरी, सगळं रीतसर.

यावरून आपल्याकडचं एक लग्न सांगतो, जे लागलंच नाही. अंबाजोगाईची योगेश्वरी ही मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड घाट चढून आलं, पण परळी थोडक्यात राहिली आणि मुहूर्त टळला. ती तिथंच राहिली, कुमारी. वऱ्हाडाचे दगड झाले म्हणतात, हत्तीखान्याच्या लेण्यांतले दगडी हत्ती तुला त्यातलेच म्हणून दाखवतील. म्हणून आजही कोकणातली कितीतरी घरं कुलदेवतेला थेट आपल्या बीड जिल्ह्यात येतात. गणपतीपुळ्याला आपण जिथं उतरू तिथं "कुठले तुम्ही?" असं विचारतील. "लातूर" म्हण, आणि बघ, समोरचा अंबाजोगाईचं नाव काढतो की नाही.

गणपतीपुळ्याला देवळाला प्रदक्षिणा घालत नाहीत, डोंगराला घालतात, कारण डोंगरच गणपती आहे असं मानतात. साधारण एक किलोमीटर, फरसबंदी वाट, अनवाणी. देऊळ समुद्राला अगदी लागून, पश्चिमेकडं तोंड करून. इथं तुला पाण्यात जायचं आहे हे मला माहीत आहे. घोट्यापर्यंत, बस. तिथला समुद्र फसवा आहे, दरवर्षी माणसं बुडतात, आणि बहुतेक वेळा ती आपल्यासारखी घाटावरची, पाण्याची सवय नसलेली असतात. यावर वाद नको.

तिथून उत्तरेला किनाऱ्यानं. जयगड, दाभोळ, बाणकोट अशा तीन खाड्या लागतात, तिन्ही ठिकाणी क्रूझर फेरीबोटीवर चढवायची. शेवटची बाणकोट खाडी ओलांडली की बागमांडला आणि मग हरिहरेश्वर. तिथं आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव. आणि प्रदक्षिणा? ती दोन कड्यांमधल्या पायऱ्या उतरून खालच्या खडकांवरून जाते. भरती असली की ती वाट पाण्याखाली. म्हणजे इथं देव जागेवर आहे, पण समुद्र तुला जाऊ देत नाही.

आपल्या डब्लिनच्या सॅंडीमाउंट किनाऱ्यावर पाणी किती लांब जातं आणि कसं परत येतं ते तू बघितलंच आहेस. तिथं तू फोनवर वेळ बघतेस. कोकणातली जुनी माणसं पंचांग बघतात. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. आपण चतुर्दशीला तिथं असू. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहाला भरती, दुपारी साडेचारच्या आसपास ओहोटी, तेव्हा प्रदक्षिणा दुपारी उशिरा. पौर्णिमा जवळ असल्यानं पाणीही जास्त मागं हटतं. हे गणित कोकणचं आहे, डब्लिनला लावू नकोस, आणि तिथं गेल्यावरही खडकांवर उतरायच्या आधी गावातल्या माणसाला विचारायचंच.

आजीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "म्हंजे त्यांचं पाणीबी तिथीवरच चालतंय की!" त्यानंतर हरिहरेश्वर यादीतून काढायचं नाव तिनं घेतलं नाही. गणपतीपुळ्याला आपण द्वादशीला आहोत. तिथली भरती किती वाजता, ते तू काढ आणि रविवारी फोनवर तूच आजीला सांग. ती पंचांग घेऊन बसेल, तेव्हा चूक करू नकोस. आणि चपला सहज निघणाऱ्या घे, नाड्यांच्या नकोत.

तुझा,
बाबा