अभ्यासाची सुरुवात एका छावणीपासून करावी
आपण अरब जगाचा आधुनिक इतिहास नव्याने अभ्यासायला घेत आहात, तर सायक्स-पिको करारापासून (पहिल्या महायुद्धात ब्रिटन व फ्रान्स यांनी अरब प्रदेश आपसांत वाटून घेण्यासाठी केलेला गुप्त करार) सुरुवात करण्याचा मोह आवरावा आणि आधी लेबनॉनची राजधानी बैरुतमधील शातिला ही एकच निर्वासित छावणी नीट समजून घ्यावी, असे मी सुचवेन. इस्रायलच्या स्थापनेवेळी झालेल्या १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. त्यांपैकी काहींसाठी १९४९मध्ये येथे तंबू उभे राहिले. लवकरच परतू, या भरवशावर अनेकांनी घराला कुलूप लावून किल्ली सोबत आणली होती, आणि त्या लोखंडी किल्ल्या आज कित्येक घरांत नातवंडे जपतात. पुढे १९७०मध्ये जॉर्डनच्या सैन्याशी संघर्ष झाल्यावर पॅलेस्टिनी संघटनांचे बळ लेबनॉनकडे सरकले, १९७५मध्ये तेथे यादवी पेटली आणि सप्टेंबर १९८२मध्ये, इस्रायली सैन्याने परिसर वेढलेला असताना, लेबनॉनच्याच फलांजिस्ट या ख्रिस्ती सशस्त्र गटाने शातिला व लगतची साब्रा वस्ती येथे कत्तल केली. मृतांचे आकडे स्रोतागणिक बदलतात, म्हणून एकच आकडा वहीत उतरवून मोकळे होऊ नये. मी आरंभी तेच केले होते. सर्व अरब एका बाजूला, ही समजूतही लवकर सोडावी, कारण १९८५मध्ये याच छावणीला वेढा घातला तो सीरियाचे पाठबळ असलेल्या अमल या लेबनॉनी शिया संघटनेने.