नाशिकच्या हिवाळ्यात कुत्र्याला रात्री अंगणात ठेवले तर चालते का?

कुत्र्याची जात, वय आणि अंगावरची केसांची ठेवण यांवर याचे उत्तर अवलंबून आहे. हस्की, सेंट बर्नार्ड किंवा जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर वरच्या राठ केसांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो आणि त्यात अडकलेली हवा शरीराची ऊब धरून ठेवते. त्यामुळे निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या पहाटेही हस्की मजेत असतो (त्याची खरी परीक्षा आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये होते). लॅब्राडोरलाही असा दुहेरी थर असतो, पण तो ओला राहिला तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

डॉबरमन, ग्रेट डेन, डॅशहुंड यांचे केस आखूड आणि विरळ असल्याने त्यांना घरातच झोपवावे. चिवावासारख्या लहान जातींची ऊब वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र जास्त असल्यामुळे लवकर निघून जाते. आपली गावठी कुत्री काटक असली तरी पारा १० अंशांखाली उतरला की तीही उबदार राखेत अंगाचे वेटोळे करून बसतात, हे आपण पाहतोच. पिल्ले, म्हातारी आणि आजारी कुत्री मात्र कोणत्याही जातीची असोत, बाहेर ठेवू नयेत.

बाहेर ठेवायचेच असेल, तर गार फरशीवर नुसती चादर अंथरून भागत नाही. जमिनीपासून चार बोटे उंच फळी, वर कोरडे गोणपाट आणि वाऱ्याच्या बाजूने आडोसा हवा. कुत्रा सतत थरथरत असेल किंवा सुस्त पडला असेल, तर त्याला लगेच आत घ्यावे.