17व्या शतकातला फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक याच्या व्यक्तिचित्रांच्या मालिकेतले जुने एन्ग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर रेषा कोरून काढलेला छाप) अस्सल आहे की नक्कल, हे घरी कसे ओळखावे?

आधी चित्र फ्रेममधून बाहेर काढा. काचेआडून काहीच ठरत नाही. 10 पट भिंगाखाली कोरीव रेषा टोकाला निमुळती होते, शाई किंचित उठलेली दिसते. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ते आधुनिक छापील पुनर्मुद्रण.

मग कागद उजेडासमोर धरा. 17व्या शतकातल्या हातकागदात साधारण 25 मिमी अंतराने ठळक रेषा आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या दाट, बारीक रेषा दिसतात. अशा रेषा नसलेला सलग कागद 1750च्या आसपास युरोपात आला.

कडेला पत्र्याच्या दाबाची चौकट दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. 19व्या शतकातल्या फोटोग्रॅव्हूर (छायाचित्रावरून पत्रा तयार करून छापलेल्या) नकलांनाही ती असते, आणि कडा कापलेल्या अस्सल प्रतीला नसते.

खरी मेख पुढेच आहे. अस्सल पत्र्यावरूनही पुन्हा पुन्हा प्रती काढल्या गेल्या. या मालिकेच्या सुरुवातीच्या प्रतींवर प्रकाशक मार्टिन व्हान डेन एन्डेनचे नाव असते. 1645च्या सुमारास पुढचा प्रकाशक गिलिस हेन्ड्रिक्सने ते पत्र्यावरून घासून ‘जी. एच.’ ही आपली आद्याक्षरे कोरली, नंतर तीही पुसली गेली. म्हणून तळाची अक्षरे आणि गडद सावल्यांतल्या रेषा नीट तपासा: त्या झिजून करड्या पडल्या असतील तर प्रत उशिराची, आणि किंमत बरीच कमी.