कारण विचारून घे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "तुम्हाला यापुढे रक्तदान करता येणार नाही, असं सांगितलं आणि मी 'बरं' म्हणून बाहेर आले," एवढं लिहून पुढचं सगळं पान तू मनाला लागल्याबद्दल लिहिलंस. लागणारच. कुणी न सांगता, न चुकता करत आलेलं काम एका वाक्यात थांबलं की माणूस आतून हलतो. इतरांना ते किरकोळ वाटलं तरी तू तसं मानू नकोस. पण तुझ्या पत्रात मनाईचं कारण कुठेच नाही, आणि मला काळजी आहे ती त्याची.

परत जा. फोनवर नको, समोर बसून विचार. मनाई तात्पुरती आहे की कायमची? हिमोग्लोबिनमुळे, एखाद्या औषधामुळे, जुन्या आजारामुळे की चाचणीमुळे? चाचणी असेल तर कोणती, आणि खात्रीसाठी दुसरी चाचणी झाली का? उत्तर लेखी माग. मी समुपदेशकाच्या खुर्चीत बरीच वर्षं काढली आहेत. प्रश्न विचारणाऱ्या दात्याचा मला कधी त्रास वाटला नाही. काहीच न विचारता निघून गेलेल्याचा विचार मात्र माझ्याबरोबर घरी यायचा.

कारण लोहाचं असेल तर ते तुझ्याच भल्याचं आहे. एका वेळच्या 450 मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जातं आणि ते भरून यायला काही महिने लागू शकतात. वारंवार रक्त देणाऱ्या तरुण मुलींचा साठा तर भराभर आटतो. डॉक्टरांना दाखव, उपचार घे. ही मनाई बहुधा उठते.

चाचणी 'रिअ‍ॅक्टिव्ह', म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी, आली असेल तर मात्र नीट वाच. रक्तपेढीतल्या चाचण्या मुद्दाम अतिसंवेदनशील ठेवलेल्या असतात. एकही संसर्ग निसटू नये, मग चार निरोगी माणसं विनाकारण अडकली तरी चालेल, असा त्यांचा हिशेब असतो. समज, एखादी चाचणी हजार निरोगी माणसांत एकदाच चुकते. तरी दहा हजार निरोगी दात्यांमागे दहा जण 'रिअ‍ॅक्टिव्ह' ठरतील, आणि जिथे तो आजार विरळा आहे तिथे खरे बाधित त्यांच्याहूनही कमी असतील. म्हणून 'रिअ‍ॅक्टिव्ह' म्हणजे निदान नव्हे. खात्रीच्या चाचणीनंतरच काय ते ठरतं. ती निर्दोष आली तरी काही ठिकाणी दात्याला पुन्हा घेत नाहीत. हे कठोर आहे आणि मला ते आजही सलतं, पण त्यावरून तुझ्या तब्येतीबद्दल काही अर्थ काढू नकोस.

आणि संसर्ग खराच निघाला तर तो वेळेत कळला, हे मोठंच. हेपॅटायटिस सी आज दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. हेपॅटायटिस बी नियमित तपासणीने आणि गरज पडली तर औषधांनी ताब्यात राहतो. घरच्यांची तपासणी करून त्यांना लसही देता येते. एचआयव्ही असला तरी वेळेवर औषधं सुरू केलेली माणसं दीर्घ आयुष्य जगतात. यातल्या कशानेही तू 'अशुद्ध' होत नाहीस. हा शब्द तुझ्या पत्रात तीनदा आला आहे. तो टाकून दे.

आता तुझ्या मैत्रिणीचा सल्ला. दुसऱ्या रक्तपेढीत जा, फॉर्मवर 'नाही'पुढे खूण कर, रक्त काय ते तपासूनच घेतात. तिचा हेतू चांगला आहे, सल्ला नाही. संसर्गानंतर काही काळ असा असतो की विषाणू रक्तात असतो पण चाचणीत दिसत नाही. आजच्या चाचण्यांनी तो काळ खूप कमी केला आहे, शून्य केलेला नाही. तेवढ्या फटीत रुग्णाला वाचवतं ते फक्त दात्याचं खरं उत्तर. एचआयव्हीची चाचणी 1985 मध्ये आली. त्याआधी रक्त गोठवणारी औषधं हजारो दात्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, एकत्र करून बनवत, आणि त्यांतून अनेक देशांत हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, हजारो रुग्णांना लागण झाली. त्यांत लहान मुलंही होती. हेपॅटायटिस सीचा विषाणू तर 1989 मध्ये ओळखला गेला. तोवर तो कुणाला शोधताच येत नव्हता. तुला जाचक वाटणारे ते लांबलचक प्रश्न या माणसांमुळे आहेत.

नियम बदलतातही. 1980 ते 1996 या काळात ब्रिटनमध्ये सहा महिने किंवा जास्त राहिलेल्यांना 'मॅड काऊ' आजाराच्या भीतीमुळे ऑस्ट्रेलियात रक्त देता येत नव्हतं. पुरावा साठत गेला आणि 2022 मध्ये ती बंदी उठली. म्हणून अधूनमधून चौकशी करत राहा, पण खरं सांगून.

आधी दिलेल्या पिशव्यांची भीती तू लिहिली आहेस. त्यांतली प्रत्येक पिशवी त्या-त्या वेळी तपासलेली होती. खात्रीचा संसर्ग निघालाच तर जुन्या पिशव्या कुणाला गेल्या याचा माग रक्तपेढीच काढते. तू फक्त तारखा आणि माहिती खरी दे.

ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांच्या प्लाझ्मातल्या दुर्मीळ प्रतिपिंडांपासून गर्भवतींसाठी अँटी-डी इंजेक्शनं बनत; आईच्या शरीराने बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करू नये म्हणून ती देतात. ते अकराशेहून अधिक वेळा दान करून आले होते. 2018 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, वयाच्या नियमामुळे त्यांनाही थांबावं लागलं. नियमाने त्यांचं पुढचं दान थांबवलं, आधीचं एकही पुसलं नाही.

तुझ्या रक्तदान गटातल्यांनी विचारलं तर "वैद्यकीय कारण आहे" एवढं पुरे. त्यापुढे सांगणं तुझ्यावर बंधनकारक नाही. पण गटाबरोबर जाणं सोडू नकोस. पहिल्यांदा देणाऱ्या तरुणांना चक्कर येण्याचं प्रमाण अनुभवी दात्यांपेक्षा जास्त असतं, आणि त्या अनुभवाने अनेक जण पुन्हा फिरकतच नाहीत. देण्याआधी अर्धा लिटर पाणी, रक्त जात असताना मांड्यांचे स्नायू आवळून सोडणं, नंतर उठायची घाई न करणं, हे सगळं तुला पाठ आहे. तुझी धाकटी बहीण पुढच्या महिन्यात पहिल्यांदा देणार आहे ना? तिच्याबरोबर तूच जा.

कळावे.
तुझी,
ताई