भाड्याचा फ्लॅट वर्षाच्या मध्येच राहता झाला, तर कर कसा भरायचा?

प्रश्न : पुण्यातला आमचा फ्लॅट २० हजार रुपये भाड्याने दिला होता. सप्टेंबर २०२५ अखेर भाडेकरू गेला, ऑक्टोबरपासून आम्हीच तिथे राहतो. सहा महिन्यांचं भाडं दाखवून उरलेले सहा महिने स्वतःच्या वापरात धरले तर चालेल का? गृहकर्जाचं व्याज वर्षाला १ लाख ८० हजार आहे.

उत्तर : चालणार नाही. प्राप्तिकर कायदा १९६१, कलम २३(३) प्रमाणे घर वर्षातला थोडा काळ जरी भाड्याने असलं, तरी २०२५-२६ चा हिशेब भाड्याचं घर म्हणूनच होतो. विवरणपत्रात ‘स्वतःच्या वापरात’ हा पर्याय निवडू नका.

खरी मेख पुढे आहे. हाती आलेलं भाडं आणि पूर्ण वर्षाचं अपेक्षित भाडं, यांतली मोठी रक्कम धरायची असते. तुम्हाला मिळाले १,२०,०००. त्या भागातला दर तोच असेल तर अपेक्षित भाडं २,४०,०००. म्हणजे न मिळालेल्या भाड्यावरही हिशेब! घर रिकामं राहिल्याची सवलत इथे मिळत नाही, कारण ते रिकामं नव्हतं, तुम्ही राहत होता.

यातून घरपट्टी वजा होते, पण तुम्ही स्वतः आणि त्याच वर्षात भरलेली. ती १२,००० धरली तर उरतात २,२८,०००. त्यावर ३० टक्के सरसकट वजावट ६८,४००. दुरुस्तीची बिलं जोडायची गरज नाही. राहिले १,५९,६००. व्याज वजा केल्यावर तोटा २०,४००. जुन्या करप्रणालीत तो पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत नाही. जुनी हवी असेल तर मुदतीत विवरणपत्र भरा. उशीर झाला की नोकरदाराला नवीच लागू होते.

भाडं दाखवलंच नाही तर? भाडेकरूने घरभाडे भत्त्याची सूट घेतली असेल, तर वर्षाचं भाडं १ लाखावर गेल्यामुळे त्याला तुमचा पॅन कंपनीत द्यावाच लागला असणार. म्हणजे ते भाडं लपून राहणं अवघड.

एप्रिल २०२६ पासून मात्र घर पूर्ण वर्ष तुमचंच. भाडं शून्य, घरपट्टीची आणि ३० टक्क्यांची वजावट बंद. व्याजाला जुन्या प्रणालीत साधारणपणे २ लाखांपर्यंत वजावट, नव्यात काहीच नाही.

जाता जाता : सोसायटीला पत्र देऊन बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते) बंद करून घ्या. पुढच्या बिलात ते पुन्हा लागून आलं तर लगेच हरकत नोंदवा.